भुंगेऱ्यांची मोजदाद

२ मार्च

आज पुन्हा मूठभर जीव साबणाच्या पाण्यात बुडवले आणि घरी येऊन चहा प्यायले. चहा चांगला लागला. लागायला नको होता, म्हणून लिहून ठेवते.

जीव म्हणजे भुंगेरे. काळे, लांब पायांचे, पाठीला बूट-पॉलिश केल्यासारखी चकाकी. उडायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, पळतात. दिवसा फळीखाली नाहीतर दगडाखाली लपायचं आणि अंधार पडला की बाहेर पडून अळ्या, गोगलगायींची अंडी, जे मऊ सापडेल ते फस्त करायचं, असा त्यांचा दिनक्रम. त्यांची पिल्लं मातीच्या आत हाच उद्योग करतात. वाफ्यात हे भरपूर असले की कोबीची चाळण होत नाही. हे सगळं मी निवृत्त झाल्यावर वाचलं. त्याआधी त्यांच्याबद्दलचं माझं ज्ञान चपलेपुरतं होतं.

वाफ्याची तब्येत कळावी म्हणून आता मी त्यांची मोजदाद करते. दह्याचे रिकामे कप जमिनीत काठापर्यंत पुरायचे, तळाला बोटभर साबणाचं पाणी. पळता पळता पडले की साबणामुळे वर चढता येत नाही. सकाळी गाळणीतून गाळायचे, मोजायचे, फेकायचे, नवं पाणी घालायचं.

सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली, मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजण्यात. एक थेंब घ्यायचा, मोजायचा, स्लाइड टाकून द्यायची. थेंबासाठी कोणी रडत बसत नाही. तरी आज एक भुंगेरा पाण्यात एका पायाने कपाची भिंत खरवडत होता आणि मी तो थांबेपर्यंत मान वळवून उभी राहिले. मान वळवल्याने पाप कमी लागतं असं थोडंच आहे?

९ मार्च

गाळणी भरून गेली! सुनेला मोठ्या कौतुकाने दाखवायला नेली, तर म्हणते, "आई, ही सिंकमध्ये धुऊ नका हं, मी तिथे भाजी धुते."

सून पार्लरमध्ये केस कापते. दिवसभर लोकांची डोकी हातात असतात, त्यामुळे कोणाच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळतं, असा तिचा समज आहे. तिलाही वाफा हवाय. पाण्याच्या जुन्या टाकीमागच्या जागेवर बागमंडळाचे वाफे आहेत, त्यांच्यासाठी रांग असते. तिचं नाव आता पहिलं आहे. पण कोणी सोडल्याशिवाय वाफा रिकामा होत नाही, आणि सोडतंय कोण!

माझ्या शेजारचा वाफा मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी त्यांनी एकदा आखूड आणि पुढे पोट सुटल्यावर सैल केल्या आहेत. वाफा मात्र असा की बघवत नाही. कुजक्या फळ्या, ओली गोणपाटं, पाल्याचे ढीग. आणि तरी त्यांचा कोबी माझ्यापेक्षा सरस. हे लिहिताना मला काही फार आनंद होतोय असं नाही.

आज माझे कप बघून हसले. "ताई, मोजून काय हो मिळतं? एक चिमूट पावडर टाकली की कटकटच संपली."

मंडळाचा एकच कडक नियम आहे, कसलंही विष वापरायचं नाही. वापरलं की वाफा गेला. मास्तर गमतीने बोलले हे मला कळलं. पण अशी गंमत करू नये. माझ्या बाजूला आठ-दहा कप आहेत, आणखी काही तुमच्या बांधाला पुरू का विचारलं, तर "पुरा की, जमीन काय माझ्या तीर्थरूपांची आहे?" म्हणाले.

१७ मार्च

आज मी वाईट वागले.

मास्तरांच्या पत्नी, वहिनी, रोज सकाळी त्यांच्याबरोबर येतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आहे. उजवा हात अर्धवट चालतो. समजतं किती, कुणास ठाऊक. मास्तर त्यांना एका पालथ्या क्रेटवर बसवतात आणि त्या डाव्या हाताने गवत उपटत राहतात. घरी फार तगमग करतात म्हणे, भांडी ढकलतात, रडतात. इथे आल्या की गप्प. मास्तर एकदा म्हणाले होते, "ताई, दिवसातला हा एक तास आम्ही दोघं नवरा-बायको असतो. बाकी वेळ मी नर्स."

तर आज मी कप गाळायला गेले आणि बघते तो काय, वहिनी गुडघ्यावर बसून माझ्या कपातून काडीने भुंगेरे बाहेर काढताहेत. एकेक काढून उन्हात मातीवर ठेवताहेत. दोन-तीन जिवंत होते, ते पाय झटकून पळाले. एक त्यांच्या तळहातावर चढला, तर त्यांनी दुसरा हात पुढे केला, मग पहिला, असा त्याला हातावरून हातावर पळवत राहिल्या. चेहरा कसा होता ते लिहिता येत नाही मला.

मी काय केलं? ओरडले. "वहिनी! माझं सॅम्पल बिघडतं ना असं!" मोठ्याने, एकेक शब्द तोडून, बहिऱ्यांशी बोलतात तसं. त्या बहिऱ्या नाहीत. त्यांनी काडी टाकली आणि हात पदराखाली घेतला. मास्तर धावत आले, माझीच माफी मागायला लागले. मी "असू दे, असू दे" म्हणाले. असू दे म्हणायचा अधिकार मला कोणी दिला?

सुनेला सांगितलं नाही. कळलं तर तोंड वाजवेल.

३० मार्च

कपांत कमी येताहेत. निम्मेसुद्धा नाहीत. कप बदलले, पाणी बदललं, काठ नीट मातीला लागतोय ना ते बोटाने चाचपून पाहिलं. मोजण्यात चूक नाही. मोजण्यात माझी चूक होत नसते.

६ एप्रिल

जवळजवळ काहीच नाही. मास्तरांच्या बांधालगतच्या कपांत तर नुसतं पाणी. अशी घट लॅबमध्ये दिसली असती तर मी रिपोर्टवर लाल रेघ मारून डॉक्टरांना फोन केला असता. एवढ्या झपाट्याने पेशी घटल्या की पहिला संशय अंगात विष भिनल्याचाच.

विष. हा शब्द मनात आला आणि जाईना. "एक चिमूट पावडर." गंमत म्हणून बोलले खरे, पण माणूस गमतीत खरं बोलून जातो की नाही?

नक्की माहीत नाही. माहीत नसताना बोलू नये. पण नुसते आकडे दाखवले तर? आकडे काही कोणाचं नाव घेत नाहीत.

१४ एप्रिल

मंडळाची मीटिंग झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सचिव म्हणजे निवृत्त वाहतूक हवालदार. माघारी सगळे त्यांना शिट्टी म्हणतात. मी उभी राहिले आणि भुंगेरे कसे कमी होत गेले ते सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. शिट्टींनी विचारलं, "सगळ्यात कमी कुठे?" मी म्हणाले, "मास्तरांच्या बांधाला." खरं तेच सांगितलं. मग पुन्हा विचारलं, "ताई, तुमच्या अनुभवाप्रमाणे कशामुळे?" मी म्हणाले, "विषासारखं काहीतरी असल्याशिवाय असं होत नाही." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, पावडरीची गंमतही सांगितली.

मला वाटलं होतं मास्तर उसळतील. म्हणतील, काय बोलताय ताई! मग मीही म्हणेन, अहो माझं चुकत असेल. तेवढी तयारी करून गेले होते मी. पण मास्तर आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि त्यांनी मान खाली घातली.

शिट्टी म्हणाले, "मास्तर, टाकलीत का पावडर? हो की नाही सांगा."

"टाकली असेल," मास्तर म्हणाले. "आमच्याकडून टाकली गेली असेल."

टाकली असेल! याला काय कबुली म्हणायचं? पण शिट्टींना पुरली. वाफा काढून घेतला. मास्तर उठले, सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला आणि गेले.

माझा संशय खरा ठरला, तर मग मला चोरी करताना सापडल्यासारखं का होतंय?

१५ एप्रिल

शिट्टींचा फोन. रांगेत पहिलं नाव सुनेचं, तेव्हा वाफा तिला.

हे असं होईल हे माझ्या लक्षातच नव्हतं. खरंच नव्हतं. कोणाला खरं वाटणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते. पण इथे तरी कोण वाचणार आहे? मग मी हे कोणाला पटवतेय?

२८ एप्रिल

सून मास्तरांच्या वाफ्यात खणतेय. अजून आम्ही त्याला मास्तरांचाच म्हणतो, जिभेला सवय. फळ्या उचलून फेकूया म्हटलं तर सून म्हणाली, "राहू द्या हो, मला वेळ नाही त्या कोपऱ्यात जायला." मी आग्रह केला नाही. त्या वाफ्यात माझा हात लागू नये असं वाटतं.

माझ्या कपांत अजून शुकशुकाट. विष जमिनीत मुरलं असेल तर वेळ लागणारच. मोजणी चालू ठेवलीच पाहिजे, नाहीतर सुधारणा झाली की नाही ते कळणार कसं? अधूनमधून एखादा चुकार येतो. तो मोजते आणि फेकते.

५ मे

मास्तरांच्या घरावरून जावं लागलं. लागलं म्हणजे, दुसऱ्या रस्त्यानेही जाता आलं असतं.

दाराला बाहेरून कुलूप होतं, मास्तर दुकानात असणार. पण खिडकीतून आतला पंखा फिरताना दिसत होता. चालू ठेवून गेलेले दिसतात. वय झालं की माणूस विसरतो. वहिनींना कोणा नातेवाइकाकडे ठेवलं असेल बहुतेक.

परत येताना दुकानासमोरून गेले, तर आतून मास्तरांनी मला पाहिलं आणि हात वर केला, पूर्वीसारखा. मी चष्मा पुसत असल्याचं नाटक केलं. चष्मा तर पर्समध्ये होता.

१२ मे

गोगलगायी. बिनशंखाच्या, बोटाएवढ्या, करड्या. माझ्या कोबीच्या पानांची जाळी करून टाकली आहे. पानाखाली हात घातला की बोटांना चिकट लागतं. मुळ्याची रोपं तर खालूनच कातरली, आडवी पडली आहेत. सकाळी जाऊन चिमट्याने उचलते, बादलीत टाकते, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच हजर.

गंमत अशी की सुनेच्या वाफ्यात एवढ्या नाहीत. बांधाजवळ आहेत, पण पलीकडच्या कोपऱ्यात तिच्या पालकाला भोकसुद्धा नाही. "माझा हातगुण," म्हणते. पावडर टाकली गेली ती तिकडे आणि भोगतेय मी. जग असंच असतं.

१९ मे

आज काय झालं ते लिहायला बसले आहे आणि पेन पुढे जात नाही.

सकाळी सुनेने शेवटी त्या कोपऱ्यातलं ओलं गोणपाट उचललं. "आई! आई, धावा! हे बघा तुमचे!" गेले. फळीखाली, गोणपाटाखाली काळे काळे भुंगेरे, उजेड पडताच चहूकडे पळत सुटले. एक सुनेच्या पायावरून गेला, ती नाचायला लागली. मीही हसले. आहेत की अजून! आणि हसता हसताच तो कोपरा कुठला ते लक्षात आलं.

मास्तरांच्या वाफ्याचा हा सगळ्यात आतला कोपरा. पावडर टाकली असती तर इथे पहिले मेले असते.

सून पाय झटकत विचारते, अगदी सहज, "मग तुमच्या त्या कपात पडतात त्यांचं तुम्ही काय करता?"

"मोजते."

"आणि मग?"

"फेकते."

"सगळे?"

"मोजून झाल्यावर."

ती पुन्हा गोणपाटाकडे वळली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी बांधावर बसले. अंगातून रक्ताचा थेंब काढला तर अंग नवं रक्त तयार करतं, म्हणून थेंबाची फिकीर कोणी करत नाही. पण हे रक्त नाही. याच्यामागे भरून काढणारं अंग नाही. हे जेवढे होते तेवढे होते, आणि मी महिनोन्‌महिने, रोज सकाळी, नीट गाळून, नीट मोजून, माझ्या हातांनी संपवले. जिथे कप होते तिथे संपले. जिथे नव्हते तिथे आहेत. शाळकरी पोराला कळलं असतं.

मोजण्यात माझी चूक होत नसते, असं मागे लिहिलंय मी. ती नव्हतीच झाली. प्रत्येक आकडा बरोबर होता.

२० मे

सगळे कप उपटले. खड्डे बुजवले. मास्तरांकडे गेले नाही.

२२ मे

नाही गेले.

सून म्हणते, "आई, माझं डोकं तुमच्याइतकं चालत नाही, पण वाफा आपला नाही एवढं मला कळतं." मी म्हणाले, त्यांनी कबूल केलं होतं, मी थोडीच जबरदस्ती केली? सगळा दोष माझाच कसा? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ताट तसंच ठेवून उठले.

पण खरंच, त्यांनी कबूल का केलं? टाकली नव्हती तर "टाकली असेल" कोण म्हणतं?

२६ मे

गेले.

दाराला कुलूप होतं. पायरीवर बसून राहिले, म्हटलं मास्तर जेवायला येतीलच. थोड्या वेळाने आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागे वळून बघितलं तर खिडकीत वहिनी. गजांच्या आत. माझ्याकडे बघत होत्या.

आतापर्यंत त्या आतच होत्या. पंखा त्यांच्यासाठी चालू होता.

मी उठून उभी राहिले. तेवढ्यात मास्तर आले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, हे माझ्यावर शेवटपर्यंत ओझं राहील. "अरे, ताई! या, या." किल्ली काढत होते. मी म्हणाले, आधी ऐका, मग दार उघडा. आणि सांगितलं. कप, साबण, गोणपाटाखालचे भुंगेरे, सगळं. कुठेही स्वतःला वाचवलं नाही, असं मला वाटतं.

मास्तर किल्ली हातात धरून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हिनं नव्हतं टाकलं."

"कोणी?"

"मुंग्यांच्या पावडरचा डबा होता घरात. मीटिंगच्या आधी चार दिवस तो मला अर्धा दिसला होता. तुम्ही मीटिंगमध्ये बोललात आणि मला एकदम तो डबा आठवला. हिचाच हात लागला असणार. पदराखालून वाफ्यात नेऊन... मी म्हटलं, तिच्या नावाने चर्चा नको. आपल्या अंगावर घ्यावं. मुंग्यांना मीच टाकत आलो होतो, ते तेव्हा सुचलंच नाही."

मास्तर पायरीवर टेकले.

"घरी आलो. डबा हिच्यासमोर धरला. तू टाकलीस का? सांग, टाकलीस का? विचारतच राहिलो ताई, वेड लागल्यासारखं. ही मान हलवायची. आता हिची मान कशी हलते तुम्हाला माहीत आहे, वर-खाली की आडवी काही कळत नाही. मला वाटलं हो म्हणतेय." त्यांनी किल्लीकडे बघितलं. "मग भीती बसली. घरात काय काय असतं. उद्या स्वतःच काही तोंडात घातलं तर? म्हणून हे कुलूप. दुकानात असतो तेवढा वेळ. फार रडायची सुरुवातीला. आता रडत नाही."

खिडकी आमच्यापासून हाताच्या अंतरावर होती. वहिनी सगळं ऐकत होत्या.

मी मास्तरांना काडीची गोष्ट सांगितली. म्हणाले, तुमच्या बायकोने माझ्या कपांतून भुंगेरे जिवंत बाहेर काढले होते मास्तर, आणि मी त्यांच्यावर ओरडले होते, तुम्ही माझी माफी मागितलीत. त्या सगळ्या जागेत भुंगेऱ्यांना वाचवणारी एकच बाई होती, आणि आपण दोघांनी मिळून तिलाच विष टाकणारी ठरवलं. मी रडले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, कारण रडलं की समोरच्याला समजूत काढावी लागते. मास्तर समजूत काढायला लागलेच. सवय आहे बिचाऱ्यांना.

मग त्यांनी कुलूप काढलं. कोयंडा सरकत नव्हता, दोनदा झटका द्यावा लागला. "आत या," म्हणाले, "तिला सांगा." मी आत गेले, वहिनींच्या समोर बसले आणि हळू आवाजात, माणसांशी बोलतात तसं, सगळं पुन्हा सांगितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मास्तरांकडे बघत होत्या. मास्तर शिलाई मशीनच्या स्टुलावर जाऊन बसले आणि चाकावर हात ठेवून तसेच राहिले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

२ जून

मीटिंगमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. शिट्टी म्हणाले, "जाऊ द्या ताई, झालं गेलं. कशाला उकरून काढता? लोक मंडळाला हसतील." म्हटलं, हसू दे, मला हसतील. हसलं कोणी नाही. एकजण म्हणाला, "आम्हीही कोणी विचारलं नव्हतं तेव्हा." तेवढ्यावर सुटका करून घ्यावी असं क्षणभर वाटलं. घेतली नाही.

वाफा मास्तरांना परत. सुनेने पालकासकट दिला. येताना रस्ताभर ती माझ्याशी बोलली नाही, मग कोपऱ्यावर माझ्या हातातली पिशवी मात्र काढून घेतली.

९ जून

मास्तर वाफ्यावर आले. एकटे.

"वहिनी?"

"कुलूप कधीच काढलं. दार सताड उघडं असतं. चपला पुढे ठेवतो, चल म्हणतो." झारीत पाणी भरत होते, माझ्याकडे पाठ करून. "येत नाही. उंबऱ्यापर्यंतसुद्धा येत नाही."

माझ्या कोबीखाली आज दोन भुंगेरे दिसले, हे सांगायचं ओठावर आलं होतं. गिळलं.

१६ जून

आठवडाभर रोज त्यांच्याकडे जातेय. मास्तर दुकानात गेले की पायरीवर बसायचं, वहिनी खिडकीत. मी वाफ्यावरचं काहीबाही सांगते. म्हटलं, माझ्यामुळे झालंय, मीच निस्तरलं पाहिजे. वाटत होतं, हळूहळू रुळतील. एक दिवस माझ्याबरोबर चालत येतील आणि सगळे बघतील.

आज सूनही बरोबर आली. आत जाऊन वहिनींचे केस कापते म्हणाली, फार वाढले आहेत. मास्तर तेव्हा घरीच होते. तिने खुर्ची उजेडासाठी दाराबाहेर आणून ठेवली आणि हात पुढे केला. आणि वहिनी उठल्या. सुनेचा हात धरून आल्या, उंबरा ओलांडला, बाहेर खुर्चीत बसल्या. मास्तर आतूनच बघत होते.

सुनेने केस कापायला घेतले. मी पायरीवरून उठले. आनंदाने पुढे झाले, म्हणाले, "वहिनी, आता इथपर्यंत आलात तर वाफ्यावरही जाऊ या ना!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला, तळहात माझ्या दिशेने केला आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. सावकाश, पुन्हा एकदा, मला नीट दिसेल अशी.

सुनेची कात्री थांबली. मास्तर ओशाळून बाहेर आले. "ताई, मनावर घेऊ नका हं, तिला काही कळत नाही..." आणि बोलता बोलता ते मधेच थांबले. बायकोकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं तेच त्यांच्याही आलं होतं. तो डबा समोर धरून त्यांनी विचारलं होतं, तेव्हाही मान हीच होती. तेव्हाही ती हेच म्हणत होती.

मास्तर खाली बसले, तिथेच, कापलेल्या केसांत.

मी चपला घालून निघाले. उद्यापासून जाणार नाही. सुनेला सांगितलंय, तू जात जा.